खेळांची यातायात

नोएडात सातवीण फुलली की मला वाटू लागतं, आता कोणीतरी आपल्याला मोजायला येणार.

दिवस मोठे छान असतात. कूलर पुसूनबिसून गच्चीवर गेलेला असतो, पंखा एकवर आलेला असतो, आणि संध्याकाळी गॅलरीचं दार उघडलं की तो गोड, जड, जरा डोकं धरणारा वास सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो. सेक्टरच्या पार्कात रामलीलेचे बांबू उतरतात. रावणाचे सुटे हात कुंपणाला टेकवून ठेवलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे काहीतरी मागतायत असं वाटतं. दिल्लीकरांना या सगळ्यात थंडीची चाहूल लागते. मला दारावरची घंटा ऐकू येते.

यंदाही वाजली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर पाठ केलेलं हसू. कुठेतरी पुन्हा मोठे खेळ भरवायचं घाटतंय म्हणे, आणि त्याने मला किती आनंद होईल हे एक ते पाचमध्ये सांगायचं होतं. मी त्या गृहस्थाला पाणी दिलं, लाडू दिला. आकडा दिला नाही. "मॅडम, कुछ तो बोलिए," म्हणाला. मी म्हटलं, "आधी हे सांगा, तुमच्या त्या यंत्रात शून्य आहे का?" नव्हतं. मला वाटलंच होतं.

ही खोड मला पूर्वी नव्हती. मी पुण्याहून लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा सगळ्यावर विश्वास ठेवणारी होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. देश उघडत होता, असं सगळे म्हणत. आमच्यापुरतं बोलायचं तर सरकारी क्वार्टरचं दार बंद झालं आणि यमुनेपलीकडे स्वतःच्या फ्लॅटचं उघडलं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या मराठी मंडळींनी मिळून सोसायटी काढली होती. भोवती नुसती धूळ, आकडे घातलेले सेक्टर, आणि ऊसतोड झालेल्या शेतासारखे दिसणारे प्लॉट. मग हळूहळू ऑफिसांच्या काचा आल्या, मॉल आले, पुणे-मुंबईची आयटीतली पोरं आली, आणि त्या पोरांच्या मागोमाग त्यांचे आईवडील आले. आमच्या सासूबाईही तशाच आल्या. पाय दुखतात म्हणून मुलाकडे राहायला आल्या आणि तिसऱ्या मजल्यावर राहू लागल्या. लिफ्ट होती. चालायची की नाही, हे ज्या त्या दिवशी लिफ्टच ठरवायची.

आणि मग दिल्लीत मोठे खेळ भरायचे ठरले.

ती सगळी तयारी आठवली की मला अजून नाटकाच्या विंगेत उभं असल्यासारखं वाटतं. जिथे पाहुण्यांची गाडी जाणार तिथला फूटपाथ नवा, जिथे वळणार नाही तिथला जुनाच. रस्त्याकडेच्या वस्त्यांपुढे मोठमोठे फलक उभे राहिले, त्यावर हसरे खेळाडू, आणि खेळाडूंच्या मागून कुणाच्या तरी फोडणीचा वास. कुंड्या तर अशा आल्या की शहराचंच लग्न आहे. एका रांगेत पिवळी फुलं, एका रांगेत लाल. खेळ संपल्यावर त्या कुठे गेल्या हे मी अजून विचारते आहे.

परदेशी पाहुणे येणार म्हणून सगळ्या शहराने खोल्या रंगवल्या. पहाडगंजच्या हॉटेलांनी पाट्या बदलल्या. माझा भाचा तेव्हा मुनिरक्यात भाड्याने राहून शिकत होता. त्याचा घरमालक एक दिवस म्हणाला, "बेटा, महिनाभर कहीं और देख ले, यहाँ ऑस्ट्रेलिया वाले आएँगे।" ज्या खोलीत खिडकी उघडली की शेजारच्या घरातली इस्त्री उचलता येते, त्या खोलीत ऑस्ट्रेलियावाले! भाचा पथारी घेऊन आमच्याकडे आला. ऑस्ट्रेलियावाले शेवटपर्यंत आले नाहीत. पण कुठल्याशा अहवालात घरमालकाचा तो रंग, तो नवा कमोड आणि ते गुलाबी पडदे खेळांमुळे झालेली उलाढाल म्हणून नक्की गेले असणार. भाच्याची पथारी गेली नसणार. माझा संशय तिथून सुरू झाला. जे झालं ते मोजतात. त्यासाठी जे राहून गेलं, ते कोण मोजणार? त्या महिन्यात आम्ही ना नाटकाला गेलो, ना कुणाकडे जेवायला. यमुनेवरचा पूलच बंद होता. त्या न झालेल्या जेवणाचा हिशेब कुठल्या रकान्यात?

असो. आता मैदानाकडे चला.

आमच्या सोसायटीसमोर एक मैदान होतं. मैदान म्हणजे काही स्टेडियम नव्हे. माती, दोन लाकडी खांब आणि मधली पाणी मारून दाबलेली पट्टी. तिथे रोज संध्याकाळी शेखकाका मुलींना खो-खो शिकवायचे. शेखकाका मूळचे कराडकडचे, दिल्लीत सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले, आमच्याच जिन्यात तळमजल्यावर राहणारे. आवाज असा की त्यांनी दुकानात कांदे मागितले तरी माणसं उठून पळायला लागावीत. सोसायटीतल्या मुली यायच्या, पलीकडच्या गावठाणातल्या यायच्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्याही यायच्या. यायच्या त्याचं कारण काकांचं शिकवणं नव्हतं, हे काकाच सांगत. "आयांना खिडकीतून मैदान दिसतं, म्हणून सोडतात. दोन गल्ल्या लांब असतं, तर एक पोरगी आली नसती."

हे वाक्य लक्षात असू द्या, कारण सगळा जीव त्यात होता.

खेळांच्या आधी काही आठवडे मैदानावर खडी पडली. पाहुण्यांच्या बसगाड्या तिथे उभ्या राहणार होत्या. "सिर्फ़ खेलों तक," असं कंत्राटदाराचा माणूस म्हणाला. खांब उपटून बाजूला ठेवले. काकांनी ते घरी नेले आणि जिन्याखाली आडवे टाकले. येताजाता सगळे त्यांना अडखळायचे. कोणी तक्रार केली नाही.

खेळ झाले, फटाके उडाले, बसगाड्या गेल्या. खडी राहिली. खडीवर आता सेक्टरातल्या मोटारी उभ्या राहू लागल्या. मुली पार्कात खेळायला गेल्या, तर चौकीदाराने पाटी दाखवली, इथे खेळायला मनाई आहे. मग काकांनी त्यांना मोटारींच्या मधल्या गल्लीत बसवलं. खडीवर झेप घेता येत नाही. गुडघे सोलून निघायचे. एकदोघींच्या आयांनी मुलींना घरीच ठेवलं, मग आणखी काहींच्या. काका खिडक्यांकडे बघायचे आणि शिट्टी खिशात घालून परत यायचे.

अशा दिवसांत पाहणीवाली आली. खेळांचा समाजावर आणि अर्थकारणावर काय परिणाम झाला ते मोजायचं काम गुडगावच्या एका सल्लागार कंपनीला मिळालं होतं. त्यांची प्रेरणा नावाची मुलगी घरोघर फिरत होती. नुकतंच एमबीए झालेली, गोड, दमलेली. मी ऑफिसात होते. त्यामुळे पुढचा प्रवेश मी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या तोंडून ऐकला. त्यांनी तो दोन्ही भूमिका करून दाखवला.

"तिनं विचारलं, 'माताजी, खेलों के बाद यातायात बढ़ा है, घटा है, या वैसा ही है?' मी म्हटलं, अरे बेटी, पूछो मत! बहोत बढ़ा! तर म्हणाली, 'किस समय ज़्यादा रहता है?' मी म्हटलं, सुबह. दूध का दुकान उठाया ना खेल के लिए, तो अब इतना घूमके जाना पडता. मग म्हणाली, 'और शाम को?' मी म्हटलं, शाम को तो विचारूच नको. लिफ्ट बंद, जिना चढो, जिना उतरो. तर म्हणते, 'मतलब भारी यातायात?' मी म्हटलं, भारीच!"

आणि मग दोन्ही भूमिका सोडून स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "किती आपुलकीनं विचारत होती गं, मीनल. माझी यातायात होते का, असं या घरात मला कधी कुणी विचारलं होतं?"

हा टोमणा मला होता. त्यामुळे मी पोळ्या लाटायला निघून गेले आणि बाकीचं डोक्यात शिरलंच नाही. आमच्या मराठीत यातायात म्हणजे दगदग, हेलपाटे, जिवाचे हाल. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक. मी इतकी वर्षं दिल्लीत काढलेली. 'यातायात पुलिस' रोज वाचायचे, पण ते रस्त्यावरचं हिंदी. घरात पाऊल टाकलं की माझ्याही कानाला तो शब्द मराठीच ऐकू येई.

आईंनी संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या सगळ्या मंडळींना सांगितलं, "ती मुलगी आली की मनातलं सगळं सांगा हं. लिहून घेते." झालं! जोशीकाकूंची कंबर, देशपांडेअण्णांची दवाखान्याची फेरी, सगळ्यांची यातायात त्या आठवड्यात भरभरून वाढली.

मग एका रविवारी कम्युनिटी सेंटरात अहवाल दाखवायची सभा भरली. पडद्यावर सेक्टरांचा नकाशा, आणि त्यात आमचा सेक्टर लालभडक. सल्लागार साहेबांनी काठी टेकवली. "सबसे रोचक बात यह है कि यहाँ यातायात का दबाव वरिष्ठ नागरिकों ने सबसे ज़्यादा महसूस किया। सुबह और शाम, भारी यातायात।" साहेबांच्या मते हे समृद्धीचं लक्षण होतं. खेळांमुळे व्यापार वाढला, व्यापारामुळे गाड्या. एक रुपया खर्च झाला की तो हातोहात फिरत मोठा होतो, हेही त्यांनी समजावलं. आणि पुढच्या पडद्यावर त्यांची शिफारस आली. समोरच्या मैदानावर कायमचं पार्किंग.

शेखकाका माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी शिट्टीचा दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला.

मला आधी हसू फुटलं, मोठ्याने, सगळं सभागृह वळून बघेल इतकं. मग मी उभी राहिले. अशी संधी मी सोडते थोडीच! म्हटलं, "सर, हमारे यहाँ यातायात गाड़ियों की नहीं होती। घुटनों की होती है।"

साहेबांना कळेना. मी कंबरेवर हात ठेवून जिना चढून दाखवला. दुधाची पिशवी घेऊन वळसा घालून दाखवला. मराठी मंडळी डोळे पुसत हसत होती, आई सोडून. आई म्हणाल्या, "माझी चेष्टा चाललीये का?" प्रेरणाने तोंडावर हात ठेवला होता. तिला कळलं होतं.

साहेब सभ्य होते. "मॅडम, बहुत ही इंटरेस्टिंग," म्हणाले. "लेकिन डेटा लॉक हो चुका है।"

मी विचारलं, "किल्ली कुणाकडे आहे?" त्यावर चहा आला.

मी अजूनही त्या लाल सेक्टराचा विचार करते. कुणाच्या तरी अहवालात आईंची कंबर व्यापाराच्या नावावर जमा आहे. तो अहवाल वाचून दुसऱ्या शहराने ठरवलं असेल, आपणही खेळ भरवू या. त्या शहरातही कुणाच्या दुधाच्या वाटेला वळसा पडला असेल. आकडा खोटा नसतो म्हणतात. असेल. आमच्या त्या आकड्यातला प्रत्येक माणूस खरं बोलला होता, लिहिणारीने खरं लिहिलं होतं, आणि तरी त्यातून एक पार्किंग निघालं.

सभेनंतर चहाच्या टेबलाशी प्रेरणा हळूच आली. "आंटी, एक और सर्वे है। लेगसी का।" खेळ संपल्यावर काय वारसा उरला, त्याची पाहणी. एखाद्या जागी खेळांमुळे मुलं खेळू लागली असं दिसलं, तर ती जागा खेळांचा वारसा म्हणून राखून ठेवतात. तिथे मग पार्किंग होत नाही.

"वारसा?" आई दचकल्या. "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं, "पण मैदान जायच्या वाटेवर आहे."

आता खरं संकट आलं, आणि ते शेखकाकांच्या रूपात आलं. आमच्या बैठकीत आईंच्या हातचे पोहे खात ते म्हणाले, "मी खोटं नाही बोलायचो."

"काका, विचारतील, मुली खेळायला कधी लागल्या, खेळांच्या आधी की नंतर. तुम्ही फक्त नंतर म्हणा. नंतरही खेळतातच की! खोटं कुठे आहे?"

"पोरी, वकिली करू नको. या मुली आधीपासून खेळतायत. त्यांनी माझं मैदान घेतलं. मुलींचे गुडघे फोडले. आणि आता वर म्हणायचं, तुम्ही आलात म्हणून आम्ही खेळायला शिकलो? माझी जीभ वळायची नाही."

"शेखभाऊ," आई म्हणाल्या, "श्रेय घेऊ द्या त्यांना. श्रेयावर खो-खो खेळता येतो का? माती मागा."

"वहिनी, तुमच्या एका शब्दानं माती गेली," काका म्हणाले.

पोह्यांवरचं खोबरं सगळ्यांनी फार लक्ष देऊन खाल्लं. मग काकाच ओशाळून म्हणाले, "तुम्हाला नाही बोललो." आई म्हणाल्या, "मलाच बोललात. बोला. पण त्या दिवशी नंतर म्हणा."

मी त्यांची तालीम घेतली. खरंच घेतली. मी प्रेरणा व्हायचे, काका काका व्हायचे. मी विचारायचे, "लड़कियों ने कब शुरू किया?" काका 'बाद में'मधलं "बा..." म्हणायचे आणि खोकायचे. मी त्यांना खडीसाखर दिली. घसा अगदी साफ झाला. शब्द काही निघेना.

पाहणीचा दिवस उजाडला तेव्हा हवा आणखी गार झाली होती आणि धुरकं पडायला लागलं होतं. मोटारींच्या मधल्या गल्लीत मुली एकीआड एक तोंडं करून बसल्या होत्या. जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या. गावठाणातली रेखा गुडघ्यावर पट्टी बांधून आली होती. खिडक्यांत आया उभ्या होत्या. आई तर गॅलरीत खुर्ची टाकून, जणू अंतिम सामना आहे. प्रेरणाने टॅब्लेट उघडला आणि सरळ काकांकडे बघितलं, "सर, इन लड़कियों ने खेलना कब शुरू किया?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, ओठांनी 'बाद में'चा आकार केला. रंगमंचावर एवढा अभिनय केला असता तर बक्षीस मिळालं असतं.

काकांनी शिट्टी खिशात घातली. आणि मैदानभर ऐकू जाईल अशा त्या आवाजात म्हणाले, "पहले से।"

वरून आईंचं "अरे देवा" स्पष्ट ऐकू आलं.

प्रेरणा बोट पडद्यावर धरून थांबली. रकाने वरखाली केले, बाजूला सरकवून बघितले. "सर... 'पहले' का तो खाना ही नहीं है।"

"म्हणजे?" काका एकदम मराठीत आले.

"दो ही हैं। 'खेलों के दौरान' और 'खेलों के बाद'।"

"तो ख़ाली छोड़ दो।"

"ख़ाली छोड़ूँ तो सिस्टम अपने आप 'बाद में' ले लेता है, सर।"

काका तिच्याकडे वळले. "बेटी, मैंने क्या कहा?"

"आपने 'पहले से' कहा, सर। मैंने सुना।"

"बस," काका म्हणाले. "अब तुम्हारा सिस्टम जाने।" आणि वळून मुलींना म्हणाले, "बसा गं, खाली काय बघताय, कोण उठणार आहे?"

मैदान परत मिळालं. खडी उचलली, माती आली, खांब जिन्याखालून बाहेर निघाले. ते एका खोट्यामुळे मिळालं, आणि ते खोटं कोणीच बोललं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदावरही माझा विश्वास बसला नाही. आज खाना नाही म्हणून वाचलो. उद्या खाना नाही म्हणून काय काय जाईल, कुणाला ठाऊक? घरी ठेवलेल्या मुली परत आल्या. सगळ्या नाही. दोघींची तोवर लग्नं ठरली होती. त्याला कुठला खाना, मी प्रेरणाला विचारलं नाही. तिची ती नोकरी तोवर सुटली होती.

मैदानाच्या कडेला एक भलीमोठी लोखंडी पाटी आली. निळ्यावर पांढरी उठावदार अक्षरं. या मैदानावर मुलींचे खेळ सुरू झाले ते त्या महान खेळांमुळे, असं तिच्यावर हिंदीत लिहिलं होतं. काकांनी ती एकदा वाचली आणि पुन्हा त्या बाजूला तोंड करून उभे राहिले नाहीत. मुलींना मात्र पाटी फार आवडली. अक्षरं चांगली बोटभर पुढे आलेली होती, आणि मैदानात दप्तरं टांगायला आजवर काही नव्हतं.

मग उद्‌घाटनाला एक साहेब आले, फोटोग्राफर घेऊन. पाटी दिसेना. "ये बस्ते हटाओ," साहेब म्हणाले. काका आकाशाकडे बघत राहिले. मुलींनी दप्तरं काढली, पाटीखाली ओळीत उभ्या राहिल्या, हसल्या. फोटो निघाला. साहेब गाडीत बसले, गाडी वळली. काकांनी शिट्टी तोंडाला लावली. आणि ती वाजायच्या आत प्रत्येकीने आपलं दप्तर आपापल्या अक्षरावर अडकवून टाकलं.